छावणीतील विद्यापीठ

केनियाच्या ईशान्येस, सोमालियाच्या सरहद्दीपासून सुमारे 50-60 मैलांच्या अंतरावर, गारिसा परगण्यात दादाब नावाचे एक गाव आहे. 1991 च्या जानेवारीत सियाद बारे यांची राजवट कोसळून सोमालियात यादवी माजली, तेव्हा जीव मुठीत धरून आलेल्या लोकांसाठी या गावाभोवती इफो, दगाहाले व हगादेरा अशा तीन छावण्या वसविण्यात आल्या. तरतूद होती 90 हजार माणसांची, आणि मुक्काम थोडक्या दिवसांचा ठरेल अशी सर्वांचीच समजूत होती; परंतु 2011 च्या दुष्काळात ही वस्ती साडेचार लाखांच्या घरात गेली, आणि छावणीखेरीज दुसरे जग ज्यांनी पाहिलेच नाही अशी एक पिढी तेथेच जन्मून वयात आली.

माध्यमिक शाळा संपल्यावर या पिढीने कोणीकडे जावे? परवान्यावाचून छावणीची हद्द ओलांडण्यास मुभा नव्हती. त्यामुळे विद्यापीठ नैरोबीत असले काय आणि चंद्रावर असले काय, दोन्ही सारखेच. निर्वासित विद्यार्थ्यांना शिष्यवृत्ती देऊन आपल्या देशी नेण्याचा उपक्रम कॅनडातील एक संस्था 1978 पासून चालवीत आली आहे व त्यातून दादाबच्याही काही मुलांचे भाग्य उजळले. पण ही वाट निवडक थोड्यांची, आणि जो त्या वाटेने गेला तो बहुधा आपल्या समाजाला अंतरला. मागे राहिलेल्यांपैकी जे हुशार, ते प्रशिक्षणाचा गंधही नसताना छावणीतील गच्च भरलेल्या वर्गांवर शिक्षक म्हणून उभे राहिले.

या शिक्षकांनाच विद्यार्थी मानून 2013 मध्ये एका योजनेचा आरंभ झाला. कॅनडातील यॉर्क व ब्रिटिश कोलंबिया, तसेच केनियातील केन्याटा व मोई, ही चार विद्यापीठे विंडल ट्रस्ट या संस्थेच्या साहाय्याने एकत्र आली. दादाब गावात अध्ययनकेंद्र उघडले. छावण्यांतून विद्यार्थ्यांना बसने तेथे आणावे, काही विषय समक्ष आणि काही महाजालावरून शिकवावेत, अशी रीत ठरली. अध्यापनाच्या पदविकांपासून भूगोलाच्या पदवीपर्यंतचे अभ्यासक्रम क्रमाने उपलब्ध झाले, आणि त्यांची बांधणी शिडीसारखी ठेवण्यात आली: प्रमाणपत्राचे गुण पदविकेत धरले जावेत, पदविकेचे पदवीत, आणि प्रत्येक पायरीचा दाखला स्वतंत्रपणे ग्राह्य असावा. या व्यवस्थेचे मोल कळण्यासाठी एकच घटना पुरे. 2016 मध्ये केनिया सरकारने दादाब बंद करण्याचे जाहीर केले. तो हुकूम पुढे 2017 च्या फेब्रुवारीत उच्च न्यायालयाने घटनाबाह्य ठरविला. उद्या छावणी राहील की नाही याचीच शाश्वती नसलेल्या माणसाला चार वर्षांनी मिळणाऱ्या पदवीपेक्षा यंदाच हाती पडणारा आणि कोठेही नेता येणारा दाखला अधिक आधाराचा वाटतो, हे नवल नव्हे.

याहून महत्त्वाचा मुद्दा संस्कृतीचा. निर्वासित म्हणजे रिकामे भांडे, असा एक दयाळू गैरसमज दूरदेशीच्या योजकांत आढळतो. वास्तविक सोमाली समाज काव्यप्रेमासाठी विख्यात. वंशावळी, करार, पावसाची अनुमाने आणि कुरणांचे ज्ञान त्याने शतकानुशतके मुखोद्गत राखले. 1972 मध्ये त्याच्या भाषेला रोमन लिपी अधिकृतपणे मिळाली, आणि 1974-75 मध्ये सरकारने शाळा बंद ठेवून विद्यार्थी व शिक्षकांना भटक्या पशुपालकांत अक्षरप्रसारासाठी धाडले. लोक शाळेकडे येऊ शकत नसतील तर शाळेने लोकांकडे जावे, ही गोष्ट या समाजाने दादाबच्या कितीतरी आधी करून दाखविली होती.

म्हणूनच दादाबच्या योजनेतील मला सर्वांत शहाणपणाची वाटलेली तजवीज यंत्रसामग्रीची नाही. निर्वासितांबरोबर स्थानिक केनियन रहिवाशांनाही तेथे प्रवेश दिला गेला. हे रहिवासीही बहुतांशी सोमालीच, पशुपालक आणि दरिद्री. छावणीला सरपण लागते आणि भोवतालचे रान उजाड होते तेव्हा झळ लागते ती यांना, आणि सरपणासाठी दूर जाणाऱ्या निर्वासित स्त्रियांवर संकटे येतात ती त्याच रानात. भूगोल शिकणारे दोन्ही बाजूंचे तरुण एका बाकावर बसले, तर त्या रानाचा अभ्यास त्यांच्याइतका जिव्हाळ्याने दुसरे कोण करणार?

उणिवाही डोळ्यांआड करता येत नाहीत. अध्यापनाची भाषा इंग्रजीच राहिली. प्रवेशात स्त्रियांना झुकते माप देऊनही घरकाम, पाणी आणि बाळंतपणे यांच्या ओझ्याखाली त्यांची संख्या अल्पच राहिली. पदवी पदरी पडली तरी नोकरीचा हक्क कायद्याने आखडलेला, आणि छावणीतील शिक्षकाच्या हाती पगार नव्हे तर तुटपुंजे मानधनच.

2019 मध्ये जगातील निर्वासित तरुणांपैकी उच्चशिक्षण घेणारे केवळ 3 टक्के होते. 2030 पर्यंत हे प्रमाण 15 टक्क्यांवर नेण्याचा संकल्प संयुक्त राष्ट्रसंघाच्या निर्वासित आयोगाने सोडला आहे. संकल्प स्तुत्य आहे. परंतु महाजालावर तयार पाठ ठेवून आणि नावनोंदणी मोजून तो आकडा गाठता आला, तरी ज्यांच्यासाठी हा खटाटोप त्यांचे काही भले होईलच असे नाही. दादाबच्या शाळेत सकाळी फळ्यापुढे उभा राहणारा शिक्षक अभ्यासक्रम ठरविणाऱ्यांच्या बैठकीतही बसू लागेल, आणि त्याचा समाज जे जाणतो त्याला परीक्षेत गुण मिळतील, तेव्हाच हे शिक्षण त्या लोकांचे स्वतःचे झाले असे म्हणता येईल.