उणे दोन सेकंद!

मागच्या सेमिस्टरची गोष्ट. मिनी प्रोजेक्टसाठी दोन सॉर्टिंग प्रोग्रॅम किती वेळ घेतात ते मी मोजत होते. सोपं वाटलं. सुरू करताना वेळ नोंदवायची, संपल्यावर नोंदवायची आणि वजाबाकी. (कॉन्व्हेंटवाली असले तरी वजाबाकी मला मराठीत येते, आजीची कृपा!) एका रीडिंगला उत्तर आलं, उणे दोन सेकंद. म्हणजे काम सुरू व्हायच्या आधीच संपलं! रूममेट म्हणाली, "अगं, सबमिशनपण असंच करून टाक!"

तेवढी एक ओळ गुपचूप खोडून टाकावी असा मोह झाला. पण सर व्हायव्हात विचारणार, म्हणून शोधाशोध केली.

तर मित्रांनो, ऑपरेटिंग सिस्टिमकडे एकापेक्षा जास्त घड्याळं असतात. पहिलं भिंतीवरच्या घड्याळासारखं. लिनक्समध्ये ते १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद मोजून आत्ता किती वाजले ते सांगतं. ते चुकलं तर नेटवर्कवरून दुरुस्त होतं, म्हणून कधी पुढे उडी मारतं, कधी मागे. दुसरं स्टॉपवॉचसारखं, नाव 'मोनोटोनिक'. किती वाजले ते त्याला माहीत नाही, पण ते मागे कधीच जात नाही. मी वापरलं होतं पहिलं!

अशी चूक मोठ्यांचीही होते. २०१६ संपताना जागतिक वेळेत एक जादा 'लीप सेकंद' घातला गेला. आपल्याकडे तेव्हा नववर्षाची पहाट, साडेपाचची वेळ. क्लाउडफ्लेअर कंपनीच्या डीएनएस प्रोग्रॅममध्ये अशाच वजाबाकीचं उत्तर उणे आलं आणि काही सर्व्हरवर तो कोसळला. तो गो भाषेत लिहिलेला होता. २०१७ मध्ये गोच्या १.९ आवृत्तीत वेळेच्या नोंदीत मोनोटोनिक घड्याळही आलं.

म्हणून जावात 'करंटटाइममिलिस'ऐवजी 'नॅनोटाइम' वापरा, पायथनमध्ये 'टाइम.मोनोटोनिक'. मात्र हा आकडा फाइलमध्ये जपून ठेवू नका, मशीन रीस्टार्ट झालं की त्याला अर्थ नाही. आणि लिनक्सवर लॅपटॉप झोपला की हे घड्याळही थांबतं!

शेवटी मी सगळी रीडिंग्ज परत घेतली. कारण उणे उत्तर निदान दिसलं तरी. घड्याळ पुढे उडालं असतं, तर चुकीचं उत्तर अगदी बरोबर वाटलं असतं आणि तसंच रिपोर्टमध्ये गेलं असतं.

'किती वाजले?' आणि 'किती वेळ लागला?' हे दोन वेगळे प्रश्न आहेत, एवढं लक्षात ठेवा. सबमिशनची डेडलाइन मात्र भिंतीवरच्याच घड्याळावर चालते हं!