पाठीवरचा पत्रा

माळ्यावर तीन बॅकप्लेट पडून आहेत. स्टीलची, ॲल्युमिनियमची आणि प्लॅस्टिकची. बायको त्यांना ‘तुझे पत्रे’ म्हणते, आणि ते खरंच आहे. स्कूबा डायव्हिंगमध्ये हवेचं सिलिंडर आणि पाठ यांच्यामधला वाकवलेला पत्रा, एवढंच ते प्रकरण.

हा पत्रा 1979 साली उत्तर फ्लोरिडातल्या पाण्याखालच्या गुहांमध्ये उतरणाऱ्यांसाठी ग्रेग फ्लॅनगन यांनी बनवला असं मानलं जातं. पुढे विल्यम हॉगर्थ मेन यांनी तो अंगाला बांधायच्या पट्ट्यांची मांडणी सुटसुटीत केली. पाठीवर दोन सिलिंडर, अंगावर जाड सूट आणि वीसेक अंशांचं पाणी, असा त्या गुहेत उतरणाऱ्यांचा मामला. सूट वर तरंगायला बघतो, म्हणून पत्र्याचं वजन त्यांना हवंच होतं. त्या काळापासून आलेलं बोल्टच्या दोन भोकांमधलं 11 इंचांचं अंतर आजही तसंच आहे.

पत्रा हलका करायची खटपट खरी वाढवली ती विमानानं. स्टीलची प्लेट 2.7 किलोची. पंधरा किलोच्या बॅगेत ती टाकली की रेग्युलेटर, फिन्स आणि कपडे यांच्यात भांडण लागतं. मीही मग ॲल्युमिनियमची घेतली, जेमतेम 900 ग्रॅमची, आणि खुशीत अंदमानात हॅवलॉकला गेलो.

तिथं घोळ झाला. आकार आणि जाडी तीच, त्यामुळे पाणी दोन्ही प्लेटना सारखंच उचलतं, साधारण 350 ग्रॅम. म्हणजे हवेतला 1.8 किलोचा फरक पाण्यातही जसाच्या तसा राहतो. मी मात्र वजनासाठी कमरेला बांधायचं शिसं पूर्वीइतकंच ठेवलं होतं. त्यात ॲल्युमिनियमचं सिलिंडर रिकामं होत आलं की आपणहून वर यायला बघतं. वर येण्याआधी पाच मीटरवर थांबायची शेवटची तीन मिनिटं मी नांगराचा दोर घट्ट धरून काढली. शेजारचा पोरगा हाताची घडी घालून स्वस्थ तरंगत होता.

दोन वर्षांनी त्याच प्लेटवर, स्टीलच्या बोल्टभोवती, पांढरी भुकटी दिसली. नखानं खरवडली तर खाली खड्डा. दोन धातू आणि खारं पाणी एकत्र आल्यावर ॲल्युमिनियमच झिजणार. आता तिथं प्लॅस्टिकचा वॉशर घालतो.

दरम्यान बाजारात कायडेक्सची प्लेट आली. विमानांच्या आतल्या भागात वापरतात तेच प्लॅस्टिक, तापवून हवं तसं वाकवता येतं. ते गंजत नाही आणि पाण्यात त्याचं वजन जवळपास शून्य. कार्बन फायबर आणि टायटॅनियमही आले. दिसायला देखणे, पण ज्या वजनासाठी पैसे मोजून सुटका करून घ्यायची, तेच पाण्यात शिसं बांधून परत घ्यायचं, हे मला काही पटलं नाही. शिसं बहुतेक सगळ्या डाइव्ह सेंटरवर मिळतं, म्हणून विमानापुरतं प्लॅस्टिक पुरे.

तारकर्लीला मात्र गाडीनंच जातो. तेव्हा डिकीत स्टीलची प्लेट असते, आणि कमरेला शिशाचे दोन तुकडे कमी.