पांझरेचे फड: टंचाईची वाटणी

साक्री तालुक्याच्या पश्चिमेकडील डोंगरांत उगम पावणारी पांझरा पिंपळनेर, धुळे करत तापीला मिळते. प्रदेश अवर्षणप्रवण. तरीही पाऊस संपल्यावर काही महिने नदी वाहते, ती मुरमामुळे. कुजलेल्या, भेगाळलेल्या बेसॉल्टचा हा थर पावसाचे पाणी धरून ठेवतो आणि सावकाश पात्रात सोडतो.

याच पाण्यावर फड पद्धत उभी राहिली. ती 300 ते 400 वर्षे जुनी मानली जाते. पात्रात ठेंगणा दगडी बंधारा घालायचा. तो पाणी साठवत नाही, फक्त पातळी इतकी उचलतो की उताराने ते पाटात शिरावे. पूर माथ्यावरून जातो आणि बराचसा गाळही सोबत नेतो. वरच्या शेतांत मुरलेल्या पाण्याचा काही भाग झिरपून पुन्हा नदीत येतो, खालचा बंधारा तो अडवतो. एकच पाणी दोनदा कामी येते!

पण खरी हुशारी बांधकामात नाही, वाटणीत आहे. लाभक्षेत्राचे सहसा तीन-चार फड असतात. एका फडात एकच पीक, मग तो ऊस असो वा गहू, आणि ठरल्या क्रमाने पिकांची फेरपालट. सगळ्यांचे पीक एक, म्हणून पाण्याची गरजही एकाच वेळी. पाटकरी एका टोकाकडून दुसऱ्या टोकापर्यंत सलग भरत जातो, जागल्या सगळ्या फडाची राखण करतो. शेतकऱ्याची जमीन बहुधा प्रत्येक फडात थोडी थोडी असते. पाऊस कमी झाला की एखादा फड कोरडा ठेवायचा. तूट मग शेवटच्या शेतकऱ्याच्या एकट्याच्या माथी बसत नाही, सगळ्यांत विभागली जाते.

ही घडी विस्कटली ती मुख्यतः विहिरी आणि विजेच्या पंपांमुळे. मुरमातले पाणी नदीत उतरण्याआधीच उपसले जाऊ लागले. ज्याची विहीर, त्याला हवे ते पीक घेता येते. फडाचा ठराव त्याने का पाळावा? शासनाने 2005 मध्ये सिंचनाचे व्यवस्थापन शेतकऱ्यांकडे देणारा कायदा केला. पांझराकाठाला त्यात नवे फारसे काही नव्हते.

आज बंधाऱ्यांच्या दुरुस्तीची मागणी होते, ती रास्तच आहे. मात्र फडाची शिस्त भूजलालाही लावली नाही, तर दुरुस्त झालेल्या बंधाऱ्यापर्यंत पोहोचायला पाणीच उरणार नाही.