नळ बसले, निधी अडला

कात्री कुठे लागते?

फेब्रुवारीत पेपरात छापून येते ती तरतूद. कात्री लागते ती वर्ष सरत आल्यावर, सुधारित अंदाजात, आणि त्याची बातमी कुणी फारशी वाचत नाही. घरोघरी नळाने माणशी रोज ५५ लिटर पाणी देण्यासाठी २०१९ मध्ये जलजीवन मिशन सुरू झाले. २०२४-२५ साठी केंद्राने त्याला सुमारे ७०,१६३ कोटी रुपयांची तरतूद केली होती. सुधारित अंदाजात ती २२,६९४ कोटींवर आली. मिशनची २०२४ ची मुदत पुढे २०२८ पर्यंत वाढली.

महाराष्ट्रात केंद्र आणि राज्य निम्मा-निम्मा खर्च उचलतात. केंद्राचा हप्ता लांबला की राज्य हात आखडते घेते, आणि ठेकेदारांची बिले थकतात. थकलेल्या बिलांसाठी २०२५ मध्ये राज्यभर ठेकेदारांनी आंदोलने केली. पैसे नाहीत म्हटल्यावर ठेकेदार मजूर दुसऱ्या कामावर नेतो. मागे उरतात रिकामी टाकी आणि कोरडे नळ.

जंगलातला हंगाम

गडचिरोलीत हे जास्त महागात पडते. भामरागड, एटापल्लीकडे टोले-पाडे विखुरलेले, त्यामुळे दर घरामागचा खर्च मोठा. त्यात पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा रस्ताच बंद. कामाचे महिने मोजकेच. हप्ता जूनमध्ये आला तर तो वापरायला दिवाळी उजाडते.

अडलेल्या कामाचे खापर नेहमी वनखात्यावर फुटते. ते दरवेळी खरे नसते. वनहक्क कायद्याच्या कलम ३(२) नुसार, एक हेक्टरहून कमी वनजमीन लागत असेल आणि हेक्टरी ७५ हून जास्त झाडे तोडावी लागणार नसतील, तर ग्रामसभेच्या शिफारशीवर पाण्याच्या पाइपलाइनला जागा मिळू शकते.

लाल पाणी

गडचिरोलीत बऱ्याच बोअरिंगच्या पाण्यात लोह आहे. भरलेली घागर रात्रभर ठेवली की तळाशी तांबूस गाळ बसतो, चहा काळपट होतो. हे निदान डोळ्यांना दिसते. चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्यासारख्या तालुक्यांतल्या काही गावांत फ्लोराइड आहे. त्याला ना रंग, ना वास. लिटरला दीड मिलिग्रॅमच्या वर गेले की आधी मुलांच्या दातांवर डाग पडतात, वर्षानुवर्षे प्यायले तर हाडे आखडतात.

फ्लोराइड काढणाऱ्या संयंत्रातला माल ठरावीक काळाने धुवावा किंवा बदलावा लागतो. नाहीतर पाणी संयंत्रातून जाते आणि फ्लोराइडसकट बाहेर पडते. माझ्या मते निधी आटल्याचा खरा घाव इथेच बसतो: नव्या टाकीचे उद्घाटन होते, जुन्या संयंत्राच्या देखभालीचे होत नाही. ती देखभाल ग्रामपंचायतीच्या गळ्यात. पंधराव्या वित्त आयोगाच्या बंधित अनुदानात पाण्याचा वाटा होता, पण तीस घरांच्या पाड्याच्या पाणीपट्टीतून जळालेला सौरपंप दुरुस्त होत नाही.

ग्रामसभेत काय विचारावे?

आपल्या योजनेची मंजूर रक्कम किती, आजवर बिले किती निघाली, उरलेले काम कुणाकडे? शिवाय, मिशनमध्ये प्रत्येक गावात पाच महिलांना पाणी तपासणी संच वापरण्याचे प्रशिक्षण द्यायचे आहे. आपल्या गावात त्या पाच जणी कोण, संचातली रसायने शिल्लक आहेत का, आणि शेवटची तपासणी कधी झाली, हेही विचारून इतिवृत्तात नोंदवून घ्यावे.