दहा सेंटिमीटरवरचा तोल

गेल्या महिन्यात एक बाई आपल्या तेरा वर्षांच्या मुलीला घेऊन दवाखान्यात आल्या. मुलगी जिम्नॅस्टिक्स शिकते. "डॉक्टर, हिचं अंग भरायला लागलंय. सगळे म्हणतात, आता हिचं वय गेलं. रात्रीचं जेवण बंद केलं तर चालेल का?" मुलगी मान खाली घालून बसली होती. काट्यावर उभी केली, तर वजन उंचीच्या मानाने कमीच भरले!

मी त्यांना नेदरलँड्सच्या सान्ने वेव्हर्सची हकीकत सांगितली. ती वाचकांनाही सांगावीशी वाटते.

सान्नेचा जन्म १७ सप्टेंबर १९९१ चा, लीवार्डन शहरातला. तिची जुळी बहीण लिके, तीही जिम्नॅस्टच. सान्नेने नाव कमावले ते बॅलन्स बीमवर. हा बीम पाच मीटर लांब, जमिनीपासून सव्वा मीटर उंच आणि रुंदीला अवघा दहा सेंटिमीटर, म्हणजे साधारण आपल्या तळहाताएवढा. बहुतेक मुली त्यावर कोलांट्या आणि उंच उड्या मारून गुण मिळवतात. सान्नेने भर दिला गिरक्यांवर. एका पायाच्या चवड्यावर उभे राहून, दुसरा पाय कमरेच्या उंचीवर धरून ती गरगर फिरते.

तुम्ही-आम्ही अंगणात चार गिरक्या घेतल्या तर भोवळ येते. याचे कारण कानात आहे. कानाच्या अगदी आतल्या भागात तीन अर्धवर्तुळाकार नळ्या असतात व त्यांत द्रव असतो. आपण थांबलो तरी तो द्रव क्षणभर फिरतच राहतो आणि मेंदूला वाटते की आपण अजून फिरतो आहोत. मग मेंदू डोळ्यांची व पावलांची साक्ष काढतो. तिघांचे जमले की तोल सावरतो. लंडनच्या इंपीरियल कॉलेजने २०१३ साली बॅले नर्तकींचा अभ्यास प्रसिद्ध केला. वर्षानुवर्षांच्या सरावाने त्यांचा मेंदू कानाकडून येणारी ही चक्करेची सूचना दाबायला शिकतो, असे त्यात दिसले. सान्नेच्या बाबतीतही असेच घडले असावे, असा माझा तर्क. मात्र अशा सरावाला वर्षे लागतात.

तिला लागलीच. २०१५ साली ग्लासगोच्या जागतिक स्पर्धेत तिला बीमवर रौप्यपदक मिळाले. पुढच्या वर्षी रिओ ऑलिंपिक. १५ ऑगस्ट २०१६ च्या अंतिम फेरीत अमेरिकेची सिमोन बाईल्स हीच जिंकणार असे जो तो धरून चालला होता. पण तिचा तोल गेला आणि बीमला हात टेकावे लागले. सान्नेने आपली कसरत संपवली, बाजूला बसली आणि वही काढून चक्क आपल्या गुणांचा हिशेब मांडू लागली. परीक्षकांनी दिले १५.४६६. लॉरी हर्नांडेझला १५.३३३, बाईल्सला १४.७३३. नेदरलँड्सच्या महिला संघाने १९२८ साली अ‍ॅमस्टरडॅमला सांघिक सुवर्ण मिळवले होते. वैयक्तिक सुवर्ण मिळवणारी त्यांची पहिली महिला जिम्नॅस्ट सान्नेच. तेव्हा तिला पंचविसावे सरायला एक महिना बाकी होता. पुढे २०१८ साली ती बीमवर युरोपची विजेती झाली, आणि २०२३ साली तुर्कस्तानात अंताल्याला पुन्हा झाली. वय एकतीस!

त्या देशात सगळे आलबेल होते असे मात्र नाही. २०२० साली तिथल्या जुन्या खेळाडूंनी लहानपणी सोसलेल्या धाकदपटशाबद्दल आणि छळाबद्दल उघड बोलायला सुरुवात केली. संघटनेला महिलांचा वरच्या दर्जाचा सराव काही काळ थांबवावा लागला.

वाढत्या वयात मुलीला उपाशी ठेवून भरपूर व्यायाम करवला, तर शरीर काटकसर करू लागते. पाळी लांबते किंवा बंद होते, स्त्री-संप्रेरके घटतात, आणि हाडांत चुना साठायचा तो ऐन भराच्या काळात साठत नाही. मग साध्या उडीनेही हाडाला बारीक चीर जाते. मुलगी 'हलकी' झाली म्हणून लोक खूश असतात आणि आतून हाडे पोकळ होत असतात.

बाईंना म्हटले, जेवण बंद तर करायचे नाहीच, उलट वाढवायचे. भाकरी, वरण, उसळ, दूध, अंडी चालत असतील तर अंडी. सरावाच्या आधी केळे किंवा गूळ-शेंगदाणे. पंधरा वर्षांची होईपर्यंत पाळी आली नाही, किंवा सुरू होऊन सलग तीन महिने चुकली, तर दाखवायला आणा. हाडावर एकाच जागी दुखत राहिले तर सराव थांबवून लगेच या.

बाई वहीत लिहून घेत होत्या. मुलीने तेवढ्यात पहिल्यांदाच मान वर केली आणि विचारले, "डॉक्टरकाका, ती एका पायावर किती गिरक्या घेते?" मी म्हटले, दोन तर सहज, कधी तीन. ती जागेवरून उठली आणि माझ्या टेबलाशेजारी एका पायावर उभी राहून बघू लागली.