तुलादिव्य आणि मोटारींची शर्यत

गेल्या महिन्यांत आमचे घरीं रात्रीच्या पंक्तीस एक वाद उपस्थित झाला. धाकट्या नातवास मोटारींच्या शर्यतींचा नाद फार. "आजोबा, शर्यत जिंकलेल्या माणसाची गाडी मागाहून वजनांत कमी भरली, म्हणून त्याचें बक्षीस काढून घ्यावें, हा काय न्याय झाला?" असा त्याचा प्रश्न. त्याचे वडील म्हणाले, "नियम तो नियम." सूनबाईंचें मत निराळें पडलें. त्या म्हणाल्या, "नियम कोणी केला व केव्हां केला, हें आधीं पाहावें." मीं त्या वेळीं उत्तर दिलें नाहीं. मागाहून या विषयाची थोडी माहिती मिळविली. तीच आज वाचकांपुढें ठेवीत आहें.

रॅली या नांवाच्या शर्यतींत सर्व गाड्या एकदम सुटत नाहींत. डोंगरांतील व रानांतील रस्त्यांचे तुकडे रहदारीस बंद करून त्यांवर एकेक गाडी सोडतात आणि प्रत्येकीस लागलेला वेळ घड्याळानें मोजतात. ज्याच्या वेळेची बेरीज सर्वांत कमी, तो पहिला. परंतु बेरीज झाली म्हणजे निकाल लागला असें नव्हे. पुढें आलेल्या गाड्या बंदोबस्तांत ठेवून तपासनीस त्यांचें वजन करतात, यंत्र उघडून एकेक भाग पाहतात. गाडी जितकी हलकी तितकी ती चपळ. वजनाची मर्यादा नसती, तर धनाढ्य कारखान्यांनीं महागड्या हलक्या धातूंवर पैसा ओतला असता, किंवा सांगाड्याची मजबुती कमी करून हांकणाऱ्याचा जीव धोक्यांत घातला असता. म्हणून किमान वजनाचा नियम आला. २००२ सालीं जागतिक अजिंक्यपदाच्या रॅलींत वरच्या वर्गाच्या गाडीस ही मर्यादा १२३० किलो होती. गाडीच्या महत्त्वाच्या भागांचेंही वजन आधीं नोंदवून ठेवावें लागे.

त्याच वर्षीं मे महिन्यांत अर्जेंटिनाच्या रॅलींत फिनलंडचा मार्कुस ग्रोनहोल्म पहिला व इंग्लंडचा रिचर्ड बर्न्स दुसरा आला. दोघेही पेजो कारखान्याचे. ग्रोनहोल्म यास नियमाबाहेर मदत मिळाली म्हणून तो बाद झाला. बर्न्सच्या इंजिनाचें फ्लायव्हील, म्हणजे यंत्राची गति एकसारखी राखणारें जड चाक, नोंदलेल्या वजनापेक्षां हलकें निघालें. हें चाक हलकें असल्यास इंजिन लौकर वेग घेतें. सबब तोही बाद झाला, आणि स्पेनचा कार्लोस साइन्स विजयी ठरला. येथें हळहळ वाटली तरी वादास जागा थोडी. चाकाचें वजन आधीं लिहिलेलें होतें, आणि तराजूस कोणाचा पक्ष नसतो.

आपल्या धर्मशास्त्रकारांनींही तराजूस साक्षी मानलें होतें. याज्ञवल्क्यस्मृतींत तुलादिव्य सांगितलें आहे. आरोपीस पारड्यांत बसवून एकदां तोलीत, मग मंत्रपूर्वक पुनः तोलीत. तो वर गेला तर शुद्ध, खालीं गेला तर दोषी. रॅलीच्या तराजूचा न्याय नेमका उलट. तेथें हलका तो दोषी! मात्र एक गोष्ट दोहोंकडे सारखी आहे. पारडें कोणीकडे गेल्यास काय समजावयाचें, हें तोलण्यापूर्वींच सर्वांस ठाऊक असतें.

ही अट ढिली पडली म्हणजे काय होतें, तें १९६६ सालच्या जानेवारींत मॉन्टे कार्लो रॅलींत दिसलें. तेथें तंटा वजनाचा नव्हता, गाडीच्या दिव्यांचा होता. टिमो मॅकिनेन, राउनो आल्टोनेन व पॅडी हॉपकर्क यांच्या चिमुकल्या ब्रिटिश मिनी कूपर गाड्या पहिल्या तीन जागीं आल्या. चौथा रॉजर क्लार्क, तोही ब्रिटिश गाडीवर. तपासनिसांनीं गाड्या तासन् तास खोलून पाहिल्या आणि शेवटीं दिव्यांवर बोट ठेविलें. या गाड्यांच्या मुख्य दिव्यांत एकाच तारेचे नवे प्रखर गोळे होते. समोरून वाहन आलें असतां ते दिवे मंद होत नसत. ते मालवून धुक्याचे दिवे लावावे लागत. ज्या वर्गांत या गाड्या उतरल्या, तेथें बारा महिन्यांत पांच हजार निघालेली, नेहमीच्या बनावटीचीच गाडी चालत असे. एकंदर दहा गाड्या बाद झाल्या; स्त्रियांचें पारितोषिक जिंकलेली रोझमेरी स्मिथही त्यांत होती. पांचवा आलेला फिनलंडचा पाउली टोइवोनेन फ्रेंच सित्रोएन गाडीवर विजयी ठरला.

तपासनिसांचीही बाजू ऐकली पाहिजे. अक्षर पाहिलें तर ते दिवे नेहमीचे नव्हते. परंतु नियमावली नुकतीच बदललेली होती, आणि तिच्या अर्थाविषयीं एकवाक्यता नव्हती. इंग्लंडांतील वर्तमानपत्रांनीं पक्षपाताचा गिल्ला केला. अपील झालें, तेंही फेटाळलें गेलें. टोइवोनेन यास अशा विजयाचा आनंद झाला नाहीं. करंडक त्यानें संकोचानेंच घेतला. पुढच्याच वर्षीं आल्टोनेन यानें मिनी गाडीवर तीच रॅली जिंकली.

हें वाचतांना मला माझीच एक गोष्ट आठवली. मी शिक्षक असतांना एका हुशार मुलानें गणिताच्या परीक्षेंत मीं न शिकविलेल्या रीतीनें उदाहरण सोडविलें. उत्तर बरोबर होतें. मीं "वर्गांतील रीतच हवी" म्हणून गुण कापले, आणि त्याचा पहिला नंबर गेला. तो नम्रपणें म्हणाला, "गुरुजी, हें प्रश्नपत्रिकेवर असतें तर मीं तसेंच केलें असतें." मजपाशीं उत्तर नव्हतें. दिलेला निकाल फिरविण्याचें धैर्यही मला झालें नाहीं. ज्यास पहिला नंबर मिळाला, तो मुलगा बक्षिसाचें पुस्तक घेतांना खालीं मान घालून उभा होता. तीं दोन्ही तोंडें अजून डोळ्यांपुढें येतात.

म्हणून नातवास माझें उत्तर असें : बर्न्सचा निकाल कठोर खरा, पण न्याय्य. मॉन्टे कार्लोचा निकाल नियमांत बसविला गेला, तरी मनास पटत नाहीं. आणि सूनबाईंचें म्हणणें खरें. घरोघरीं आपण वडील माणसें मुलांचे तपासनीसच असतों. शिक्षा करण्यास हात उचलण्यापूर्वीं, मोडलेला नियम आपण मुलास आधीं सांगितला होता कीं नाहीं, एवढें तरी आठवून पाहावें. मीं तें त्या दिवशीं पाहिलें नाहीं.