झाकण नीट बसलंय का?

शिकागोला लेकीकडे गेलो, तेव्हा तिनं गेल्या गेल्याच सांगून टाकलं, “बाबा, रविवारी तुम्हाला पाणबुडी दाखवायची आहे.” नातवाला टॉर्पेडो बघायचे होते, जावयाला इतिहास. मला बघायचे होते पंप. बत्तीस वर्षं जहाजांच्या इंजिन रूममध्ये काढलेल्या माणसाची नजर दुसरीकडे जातच नाही.

तिथल्या म्युझियम ऑफ सायन्स अँड इंडस्ट्रीत, जमिनीखाली बांधलेल्या दालनात ही दुसऱ्या महायुद्धातली जर्मन पाणबुडी, यू-५०५, उभी आहे. लांबी २५२ फूट. आत शिरलो आणि खांदे आपोआप आखडले. एवढ्या जागेत पन्नासाहून जास्त माणसं महिनोन् महिने राहायची. एक पहाऱ्यावर गेला की त्याच्या उबदार बिछान्यात दुसरा झोपायचा. मागच्या बाजूला नऊ-नऊ सिलिंडरची दोन डिझेल इंजिनं. पाण्यावर असताना ती चालायची आणि बॅटऱ्याही भरायची. पाण्याखाली हवा नाही, म्हणून डिझेल बंद. मग बॅटरीवरच्या मोटरी. त्यांवर वेग जेमतेम सात नॉट. म्हणजे त्या काळातली पाणबुडी ही खरं तर गरज पडली की बुडी मारणारी होडीच.

हॅम्बुर्गला बांधलेली ही बोट ऑगस्ट १९४१ मध्ये जर्मन नौदलात आली. फ्रान्समधल्या लोरियां बंदरातून निघून आफ्रिकेच्या किनाऱ्यावर आणि कॅरिबियन समुद्रात तिनं एकंदर आठ जहाजं बुडवली, बहुतेक मालवाहू. हा आकडा ऐकून नातवाचे डोळे चमकले. माझ्या पोटात मात्र कालवलं. टॉर्पेडो लागतो तो पाण्याच्या रेषेखाली, आणि तिथंच इंजिन रूम असते. तेव्हा ब्रिटिश मालवाहू जहाजांवर आपले हजारो खलाशी होते, कोकणातले, गोव्यातले. जर्मन पाणबुड्यांनी त्यांतले कितीतरी बुडवले.

नोव्हेंबर १९४२ मध्ये त्रिनिदादजवळ या बोटीचे ग्रह फिरले. एका ब्रिटिश विमानानं इतक्या खालून बॉम्ब टाकला, की त्या स्फोटात ते विमानही कोसळलं आणि आतली माणसं गेली. बोटीची डेकवरची तोफ उखडली, अंग फाटलं. कशीबशी ती लोरियांला परतली. दुरुस्तीला सहा महिने लागले.

त्या गोदीत जर्मनांच्या हाताखाली फ्रेंच कामगार होते आणि त्यांच्या मनात जे होतं ते त्यांनी हातांनी करून दाखवलं. बोट समुद्रात जायची आणि काहीतरी बिघडून परत यायची. एकदा इंधनाच्या टाकीला पेन्सिलीएवढं भोक पाडलेलं सापडलं. बोट जाईल तिथं मागे तेलाचा माग राहावा, एवढ्यासाठी. ड्राय डॉकमध्ये वेल्डिंग तपासताना वेल्डरच्या डोक्यावर उभा राहिलेला माणूस आहे मी. राग मनात धरून केलेलं काम वरून ओळखू येत नाही, हे अनुभवानं सांगतो.

सारख्या रिकाम्या हातांनी परतणाऱ्या या बोटीची बंदरात टिंगल सुरू झाली. धक्क्याजवळच कुणीतरी पाटी रंगवली: ‘यू-५०५ चं शिकारीचं रान’. कप्तान पेटर चेख आधीच खचलेला होता. २४ ऑक्टोबर १९४३ ला वरून स्फोटकांचा मारा चालू असताना कंट्रोल रूममध्ये, आपल्याच माणसांदेखत, त्यानं स्वतःवर गोळी झाडली. त्याच्या हाताखालच्या पाउल मायरनं सूत्रं घेतली आणि बोट सुखरूप घरी नेली.

पुढचा कप्तान हाराल्ड लांगं. ४ जून १९४४ ला पश्चिम आफ्रिकेजवळ अमेरिकी नौदलाच्या एका ताफ्यानं बोटीला गाठलं. स्फोटकांनी सुकाणू अडकलं, दिवे गेले. लांगंनं बोट वर आणून सोडून द्यायचा हुकूम दिला. माणसांनी पाण्यात उड्या टाकल्या. बोट बुडावी म्हणून जाता जाता एका स्ट्रेनरचं झाकण काढून ठेवलं होतं.

हा स्ट्रेनर म्हणजे समुद्राचं पाणी आत घेताना कचरा अडवणारी गाळणी. माझ्या नोकरीच्या पहिल्या वर्षी मी तो साफ करायला उघडला. अलीकडचा व्हॉल्व्ह पुरता बंद झालेला नाही हे मला कळलं नाही. वीतभर तोंडातून पाण्याचा असा लोंढा आला की मी मागे फेकला गेलो. रत्नागिरीकडचे एक वयस्कर ऑइलर, आम्ही त्यांना चाचा म्हणायचो, त्यांनी झाकण दाबून धरलं, अक्षरशः त्यावर बसले आणि ओरडले, “बघतोस काय, पाना आण!”

त्या दिवशी अमेरिकी नौदलाच्या झेनॉन लुकोशसनं हेच केलं. लेफ्टनंट अल्बर्ट डेव्हिडच्या तुकडीबरोबर तो गोल गोल फिरणाऱ्या रिकाम्या बोटीत उतरला. आत स्फोटकं लावलेली असतील की नाही, कुणाला ठाऊक नव्हतं. बोट शेपटाकडून बुडत होती. त्याला झाकण जवळच पडलेलं सापडलं, त्यानं ते बसवून घट्ट केलं.

मागाहून आला अर्ल ट्रोसिनो, तेलवाहू जहाजांवर मुरलेला चीफ इंजिनियर. बिल्जच्या, म्हणजे बोटीच्या तळाशी साचलेल्या, तेलकट पाण्यात सरपटत, कुठला पाइप कुठं जातो ते शोधत त्यानं व्हॉल्व्ह बंद केले. मग त्यानं जी युक्ती केली, तिला मी मनातल्या मनात सलाम ठोकला. त्यानं डिझेल इंजिनं शाफ्टपासून सोडवली. बोट ओढली जाऊ लागली तसे पंखे पाण्याच्या जोरानं फिरू लागले, त्यांनी मोटरी फिरवल्या, मोटरींचे जनरेटर झाले आणि बॅटऱ्या भरल्या. बोटीनं स्वतःचंच पाणी स्वतःच्या पंपांनी उपसलं!

१९ जूनला बोट बर्म्युडाला पोचली. तिच्यातली सांकेतिक लिपीची पुस्तकं अमेरिकेच्या हाती लागली होती. हे जर्मनीला कळलं असतं तर त्यांनी संकेत बदलले असते. म्हणून ताफ्यातल्या सुमारे तीन हजार खलाशांनी तोंड बंद ठेवलं आणि जर्मन कैद्यांना लुइझियानाच्या छावणीत वेगळं ठेवलं. घरच्यांच्या लेखी ती माणसं बुडालेली होती.

खरं तर पकडताना एकच जर्मन मेला, अठ्ठावन्न वाचले. जर्मन पाणबुड्यांवर गेलेल्या सुमारे चाळीस हजारांपैकी तीन चतुर्थांश परतलेच नाहीत. लोरियांच्या धक्क्यावर हसणाऱ्यांतले किती जण उरले असतील?

युद्धानंतर ही बोट सरावात बुडवणार होते. ताफ्याचा प्रमुख डॅनियल गॅलरी शिकागोचाच. त्याच्या खटपटीनं १९५४ मध्ये ती इथं आली. आतलं सामान लोकांनी केव्हाच काढून नेलं होतं. मूळच्या जर्मन कारखान्यांना पत्रं गेली, तर त्यांनी सुटे भाग फुकट पाठवले. आपलं काम लोकांसमोर अपुरं दिसू नये, असं त्यांना वाटलं. कारागिराचा हा स्वभाव मला परका नाही.

फेरी संपली, मंडळी बाहेर पडली. मी कंट्रोल रूममध्ये वाकून पायाखाली बघत राहिलो होतो. गाईड मुलगी परत आली. काही हरवलंय का, तिनं विचारलं.

“नाही,” मी म्हटलं, “झाकण नीट बसलंय का, ते बघतोय.”